पावाच्या गाडीतली जागा

मला चढण आवडत नाही. लहानपणी साताऱ्याला घरामागेच डोंगर होता, तेवढ्यात आयुष्यभराचं चढणं उरकून घेतलं अशी माझी समजूत होती. नोकरीत बंगळूरला बदली झाली तेव्हा रुंद रस्ते, गार हवा, सपाट गाव असं ऐकून मी मनातून खूश होतो. आणि नेमका त्याच गावात मला असा माणूस भेटला, की महिन्यातला एक रविवार मी पाण्याची कळशी घेऊन कुठल्या ना कुठल्या खडकावर धापा टाकत उभा. दहा-बारा वर्षं हे चाललं. आजही कुणी सहलीचं नाव काढलं की आधी माझे गुडघे दुखतात आणि मग अण्णा आठवतात.

अण्णा आमच्या नकाशांच्या कचेरीत हेड ड्राफ्ट्समन होते. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर तिकडे आलेलं. "परत जायचं राहून गेलं," असं ते सांगत, ते अशा सुरात की मागच्या आठवड्यातच गाडी चुकली असावी. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि रागावले की दोन्ही एकदम. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांचा 'रायरे'. तिकडे मराठी माणसाला आदरानं हाक मारायची झाली की असं म्हणतात. पण अण्णांच्या तोंडून ते ऐकलं की आता काहीतरी उचलायला लागणार एवढं मला कळायचं.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या फळ्यावर त्यांच्या अक्षरातली सूचना कायम असे. 'दगड पाहण्याची सहल. देवदर्शन, फोटो व पत्ते यांसाठी नव्हे.' एवढं वाचूनही लोक येत. गाडी मात्र एकच आणि तीही बेकरीची. आठवडाभर ती कॅम्पात पाव पोचवायची, महिन्यातल्या एका रविवारी अण्णांच्या मित्राच्या कृपेनं आम्हाला. आतले पत्र्याचे खण काढून दोन बाकं टाकली की आठ माणसं मावत. नववं माणूस अण्णांनी कधी घेतलं नाही. "नऊ झाले की आपसात बोलायला लागतात," ते म्हणत. दिवसभर त्या गाडीत पावाचा असा वास यायचा की निघाल्यापासून भूक लागायची, आणि जेवण मिळायचं दुपार टळल्यावर. अण्णा माझे साहेब असल्यामुळे आठातली एक जागा माझी कायमची. काम कळशीचं.

पहिला मुक्काम गवीपुरमच्या गुहेतलं देऊळ. खडकातच कोरलेलं, इतकं बुटकं की वाकून आत शिरावं लागतं. अण्णा देवाला हात जोडत, ते अगदी घाईत, आणि लगेच त्याच्याकडे पाठ करून आम्हाला छत दाखवत.

"नोडी रायरे, बघा, नोडी. स्वल्प हिकडं कंदील धरा. हे टाकीचे घाव बघा. हितं सरळ, हितं सरळ, आणि हितं बघा, वाकडे झाले. हितं त्याचा हात दुखायला लागला."

"कुणाचा?" नवीन आलेलं कुणी विचारायचं.

"ज्यानं खोदलं त्याचा. आणखी कुणाचा? देवाचा?"

किती जुनं, कुणी बांधलं, हे विचारायची सोय नव्हती. एकदा मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यांनी शतक विचारलं. अण्णा म्हणाले, "मी नव्हतो तेव्हा." अण्णांना त्या खोदणाऱ्या माणसाखेरीज कशातच रस नव्हता. तो कुठं बसला असेल, ऊन कुठून येत असेल, त्याचा डावा हात बरा की उजवा, हे ते खडकाला हात लावून सांगत. खरं की खोटं देव जाणे. पण सोमवारी कचेरीत टाक हातात धरला की माझंच मनगट मला दुखल्यासारखं वाटे.

शेवटचा मुक्काम शिवगंगेचा. तिथल्या चढाबद्दल मी लिहिणार नाही. खडकात खणलेल्या त्या पायऱ्या अजून माझ्या पोटऱ्यांना पाठ आहेत. वर एका कपारीत खडकात खोल भोक आहे, त्यात हात घालायचा आणि पुण्यवंताच्या बोटांना पाणी लागतं असं लोक मानतात. माझ्या बोटांना कधी लागलं नाही. मी जरा खट्टू झालो की अण्णा म्हणत, "पाप नाही हो रायरे, हात आखूड आहे." त्यांच्याकडून मिळालेलं एवढंच सांत्वन मला आठवतं.

पण त्यांची खरी सहल मधल्या मुक्कामाला. तुमकूर रस्त्यावर, नेलमंगलाच्या अलीकडे एक बोडकं टेकाड होतं. त्याला ना नाव, ना देऊळ. अण्णा त्याला नुसतं 'गुड्डा' म्हणत, म्हणजे टेकडी. चढायला पायऱ्या खोदलेल्या, वर खडकातच कोरलेलं छोटं टाकं, आणि टाक्यापलीकडे एक हत्तीएवढी शिळा. त्या शिळेवर एका रेघेत पाचरीची भोकं पाडलेली होती. दगड फोडायचा तर पाथरवट आधी अशी भोकं पाडतात, मग त्यांत पाचरी ठोकतात आणि दगड त्या रेघेवर उकलतो. इथं कुणीतरी, कधीतरी, सगळी भोकं पाडली होती आणि शेवटचं अर्ध्यावर टाकून निघून गेला होता. सगळ्यांत बोट दोन पेरं आत जायचं, शेवटच्यात नखाएवढं.

अण्णा वहाणा खालीच काढून येत. प्रत्येकाचं बोट धरून त्या शेवटच्या भोकात टेकवत आणि विचारत, "त्यानं का सोडलं असेल?"

उत्तर दिल्याशिवाय खाली उतरायला मिळत नसे. लोक आपापल्या परीनं देत. राजा मेला असेल. दुष्काळ पडला असेल. साप निघाला असेल. एका डॉक्टरांनी सांगितलं, छातीत कळ आली असेल. अण्णा प्रत्येकाचं नीट ऐकून घेत, क्षणभर त्या भोकाकडे बघत आणि मान हलवत. "अल्ल." म्हणजे, ते नव्हे. कचेरीत एखादा नकाशा मनासारखा उतरला की ते 'सरी' म्हणत. बरोबर, झालं, ठीक, हे सगळं त्यात येतं. पण त्या शिळेपाशी त्यांनी कुणाला 'सरी' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. मी पहिल्याच वेळी दमून सांगितलं होतं, "कंटाळा आला असेल." त्यावर त्यांनी 'अल्ल'सुद्धा म्हटलं नाही. सोमवारी माझा रजेचा अर्ज परत आला.

जेवण शिळेच्या सावलीत. केळीच्या पानात बांधलेलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, दुसऱ्या पानात दहीभात आणि बोटभर लोणचं. ही आठ माणसांची पानं पहाटे उठून अक्का बांधायच्या. अक्का ही अण्णांची एकुलती मुलगी. आई गेल्यापासून घर त्याच बघत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे, म्हणून अण्णाही अक्काच म्हणत. लग्न उशिरा झालं, नवरा कारखान्यात होता, आणि दोघं अण्णांजवळच राहत. संध्याकाळी आम्ही परतलो की अक्का फाटकात उभ्या.

"काय दाखवलंत आज, अण्णा?"

"दगड."

एवढंच. मग त्या हसून रिकामी पिशवी आत नेत. महिन्या महिन्याला मी हे बघत होतो आणि मला दर वेळी वाईट वाटे. कारण त्या गाडीत अक्कांना एकदाही जागा मिळालेली नव्हती.

एका रविवारी एक जण तापामुळे आला नाही. गाडी सुरू झाली होती. अक्कांनी पानांची पिशवी आत दिली आणि हात दारावर तसाच ठेवला. अंगावर बाहेर जायचं लुगडं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"अण्णा, एक जागा रिकामी आहे म्हणे आज."

अण्णांनी मागं वळून बाकाकडे बघितलं. "आहे की. रायरे पाय लांब करून बसतील. कळशी उचलून दमतात ते."

मी घाईघाईनं म्हणालो, "अण्णा, अक्कांना येऊ द्या की. मला नकोय जागा."

"ती घरचीच आहे हो," अण्णा म्हणाले. "केव्हाही बघेल. दगड कुठं पळून जातोय?"

अक्का हसल्या, हात काढून घेतला आणि म्हणाल्या, "होगली बिडी, रायरे." म्हणजे, जाऊ द्या. त्या दिवशी मी पाय लांब केले नाहीत. जेवताना एका माणसाची पानं उरली. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमचे अण्णा मेलेल्या पाथरवटाचा हात दुखला ते ओळखतात. पहाटे चारला उठून भात परतते तिचा नाही दुखत वाटतं?" अण्णांना ते विचारायची माझी छाती नव्हती.

दगड पळून जात नाही हे मात्र अण्णांचं चुकलं. गाव वाढायला लागलं होतं. राजाजीनगरला रस्ते आखले गेले, नुसते आमच्या नकाशांवर नव्हे, खरेखुरे, आणि घरांना दगड लागू लागला. एका रविवारी आम्ही गुड्ड्यावर पोचलो तर खालच्या पायऱ्या नव्हत्या. सुरुंगाची दारू भरायची भोकं, खडीचे ढीग, आणि खाणीच्या मेस्त्रीची माणसं झाडाखाली डबे खात बसलेली. पुढच्या खेपेला अजून थोडा डोंगर कमी. मग टाकं गेलं. अण्णांनी मेस्त्रीला बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगितलं. मेस्त्री भला माणूस. त्यानं शिळेला हात लावणार नाही असं कबूल केलं आणि शब्द पाळलाही. भोवतालचं सगळं खणून गेलं, तरी ती शिळा एका उंचवट्यावर तशीच उभी. मेस्त्रीची माणसं तिला अण्णांची शिळा म्हणत.

माणसं येईनाशी झाली. अर्ध्या डोंगरात धूळ खात उभं राहायला कोण येणार? गाडीत चार-पाच जणच असत. अण्णा तोच प्रश्न विचारत, पण उत्तर ऐकून झालं तरी भलतीकडेच बघत राहत. मान हलवायचंही विसरत. जागा रिकाम्या जात होत्या आणि अक्कांनी विचारणं सोडून दिलं होतं. पानं मात्र त्या मोजून आठच बांधत.

त्याच सुमारास अक्कांच्या नवऱ्याला राजाजीनगरला घरासाठी जागा मिळाली. अण्णा नुकतेच निवृत्त झाले होते. आमच्यात पायाचा पहिला दगड घरातल्या वडीलधाऱ्यानं ठेवायचा असतो. तिकडच्या आमच्या मंडळींत तर तो मान दुसऱ्या कुणाला देतच नाहीत. अक्कांनी सांगितलं, आणि अण्णा म्हणाले, "त्या गुड्ड्याच्या दगडाच्या घराला माझा हात लागायचा नाही."

अक्का आमच्या घरी आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना खुर्चीत बसलेलं बघितलं.

"रायरे, तुमचं ऐकतात ते."

"माझं? अक्का, मी कळशीवाला आहे."

"तरी स्वल्प सांगून बघा. मला दुसरं काही नको. घर यांच्या पगारातून होईल, लहान होईल, होऊ दे. पहिला दगड अण्णांच्या हातचा नसला तर ते माझं घर कसं म्हणू? लोकांना दर महिन्याला हात धरून दगड दाखवले. मला एक ठेवून देत नाहीत?" बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता, पण माझ्या बायकोनं उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मी गेलो. अण्णा ओसरीवर बसले होते. मी माझं सांगितलं, ते त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "सगळं गाव त्याच दगडाचं होतंय, रायरे. मी कुठं कुठं हात लावू नको म्हणू? पण मी लावणार नाही." मी आणखी जरा वेळ बसलो आणि उठून आलो.

पायाभरणीच्या सकाळी ते आले मात्र. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. जागेच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब उभे राहिले. "मी बघायला आलोय, हात लावायला नव्हे," हे त्यांनी मला आल्या आल्या सांगितलं, आणि भटजींनाही सांगितलं. ईशान्येच्या कोपऱ्यात खड्डा तयार होता. कडेला ओल्या फडक्याखाली दगड झाकून ठेवलेला. मेस्त्री स्वतः आला होता, नवी टोपी घालून.

भटजींनी हाक दिली तशी अक्कांनी हळदीकुंकू घेतलं आणि फडकं बाजूला केलं.

चांगला हातभर लांब दगड होता. त्याच्या एका कडेला अर्धी कापलेली भोकं ओळीनं दिसत होती. पहिली तीन खोल, शेवटचं नखाएवढं.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी छत्री खाली टाकली होती.

"आम्ही हात लावला नव्हता, अण्णा," मेस्त्री आनंदानं सांगत होता. "अक्कांनी निरोप धाडला, अण्णांना सगळ्यात आवडतो तो दगड पाठवा. मग काय, आणला. रेघ होतीच. पाचरी मारल्या आणि सरळ उकलला. हा त्याच्या टोकाचा तुकडा."

अक्का त्यांच्याकडे बघत होत्या. काहीतरी चुकलं आहे हे त्यांना कळलं, पण काय ते कळणार कसं? त्यांनी ती शिळा कधी पाहिलीच नव्हती.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "गुड्डा तर सगळाच चाललाय. म्हटलं, तुमचा त्यातला एक तरी घरी यावा. मलाही बघायला मिळेल."

भटजी हळूच म्हणाले, मुहूर्त टळतोय. मला वाटलं, आता अण्णा पाठ फिरवून चालू लागणार, आणि अक्का आयुष्यभर या घरात परक्यासारख्या राहणार.

अण्णांनी वहाणा काढल्या. दगडाजवळ येऊन ते मातीत बसले, गुडघे धरून, हळूहळू. एकेका भोकावरून बोट फिरवत शेवटच्यापर्यंत आले. मग हात लांब करून त्यांनी अक्कांना खाली बसवलं, त्यांचं बोट धरलं आणि त्या उथळ भोकात टेकवलं. हळदीनं ते बोट पिवळं झालेलं होतं.

"नोडी. हितपर्यंत त्यानं केलं. आणि हे अर्ध्यावर टाकून गेला." त्यांचा आवाज नेहमीचा, सहलीतला होता. फक्त जरा बसला होता. "का सोडलं असेल त्यानं?"

अक्कांनी विचार केला नाही. त्यांना तो प्रश्न अवघड आहे हेच माहीत नव्हतं.

"घरी कुणी वाट बघत बसलं असेल, अण्णा."

अण्णांनी त्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाले, "सरी."

आणि त्यांनी दगडाखाली हात घातले. मेस्त्रीनं आणि मी दुसरी बाजू धरली. दगड कोपऱ्यात बसला, अण्णांनी भोकांची कड वर ठेवायला लावली, आणि अक्कांनी त्याच्यावर दूध ओतलं.

पुढच्या महिन्यात शनिवारी अण्णा घरी आले. मी सवयीनं कळशी बाहेर काढली. ते दारातच उभे राहिले आणि चोरट्यासारखं म्हणाले, "रायरे, या खेपेला गाडीत तुमची जागा नाही. अक्का येते म्हणते." मग माझ्या बायकोकडे वळून, "आठ पानं तुम्ही बांधून द्याल काय, वहिनी? तिला उद्या भात करायला वेळ मिळायचा नाही."

बायकोनं पहाटे चित्रान्न केलं. मीच पिशवी घेऊन फाटकापाशी गेलो. गाडीत माझ्या जागेवर अक्का बसल्या होत्या, मांडीवर कळशी घेऊन, आणि अण्णा त्यांना शिवगंगेच्या पायऱ्यांविषयी काही सांगत होते, ते एकदाही न थांबता. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. इतक्या वर्षांनी रविवार रिकामा मिळाला होता. मी घरी येऊन आडवा झालो, पण झोप काही लागली नाही. संध्याकाळी गाडी यायच्या वेळी मीच जाऊन त्यांच्या फाटकात उभा राहिलो.